घरचा संगणक आणि दुरुस्तीची योग्य वेळ

(बडोदे येथील मराठी रहिवाशांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



बडोदे शहरास आजव्याच्या तलावाचे पाणी नळाने मिळू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत. पाण्याबरोबर एक नवी शिस्तही घरोघरी आली. जलवाहिनीची दुरुस्ती करावयाची तर काही तास पाणी बंद ठेवावे लागते. ही गैरसोय कोणासही रुचत नाही. परंतु पूर्वसूचना देऊन केलेली दुरुस्ती आणि मध्यरात्री वाहिनी फुटल्यावर होणारी धावपळ यांतील अंतर प्रत्येक गृहिणी जाणते. घरातील संगणकाची गोष्ट याहून निराळी नाही.

आज दांडिया बाजार वा रावपुरा येथील एखाद्या मध्यमवर्गीय घरात जो संगणक आहे, त्यात निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आहेत, मुलांचे परीक्षेचे अर्ज आहेत, बँकेचे व्यवहार आहेत आणि दिवंगत आईवडिलांची छायाचित्रेही आहेत. अशा संगणकाच्या पडद्यावर अधूनमधून सूचना उमटते की, सुरक्षेसाठी अपडेट उपलब्ध आहे, संगणक पुन्हा सुरू करावा. बहुतेक घरांत त्या सूचनेस एकच उत्तर दिले जाते : ‘नंतर’. हे ‘नंतर’ केव्हा उजाडावे, हाच आजचा प्रश्न आहे.

संगणकाचा सारा कारभार ऑपरेटिंग सिस्टीम नावाच्या आज्ञावलीवर चालतो. ती माणसांनीच लिहिलेली असल्याने तीत उणिवा राहतात. उणीव ध्यानात आली की निर्माती कंपनी दुरुस्ती तयार करून पाठविते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 2003 सालापासून यासाठी प्रत्येक महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून दिलेला आहे. अमेरिकेतील तो सकाळचा समय भारतात रात्रीचा असल्याने येथील घरांत ही दुरुस्ती सामान्यतः बुधवारी दृष्टीस पडते. येथे एक मर्म ध्यानी घ्यावयास हवे. दुरुस्ती जाहीर झाली म्हणजे कोणत्या खिडकीची कडी ढिली आहे, हे घरमालकाबरोबर चोरासही कळते. त्या घटकेपासून विलंबाचा प्रत्येक दिवस चोराच्या पथ्यावर पडतो.

याचे ठळक उदाहरण 2017 सालचे आहे. विंडोजमधील एका गंभीर उणिवेची दुरुस्ती 14 मार्च 2017 रोजी प्रसृत झाली. त्या उणिवेचा लाभ घेणारे साधन एप्रिल महिन्यात चोरट्यांच्या एका टोळीने उघड केले आणि 12 मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने सुमारे 150 देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ग्रासले. दुरुस्ती आणि आघात यांमध्ये 59 दिवसांचे अंतर होते. बाधित संगणकांतील कागदपत्रे कुलूपबंद होत आणि ती मोकळी करण्यासाठी प्रथम 300 डॉलरची खंडणी मागितली जाई. ब्रिटनमधील रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. गुजरात राज्याच्या शासकीय जाळ्यास जोडलेल्या शंभराहून अधिक संगणकांना बाधा पोहोचल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. ज्यांनी 59 दिवसांत केव्हाही ती दुरुस्ती करून घेतली होती, त्यांचे दार या उपद्रवास बंद होते.

पुढच्याच महिन्यात, 27 जून 2017 रोजी, ‘नॉटपेट्या’ नावाच्या दुसऱ्या उपद्रवाने न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत केले. हा उपद्रव त्याच उणिवेतून पसरत होता. परंतु चोरलेल्या संकेतशब्दांच्या साहाय्यानेही तो पुढे सरकत असल्याने दुरुस्त केलेले काही संगणकही त्याच्या तावडीत सापडले. तात्पर्य, दुरुस्ती आवश्यक आहे, पण तेवढ्यावर विसंबणे योग्य नव्हे. महत्त्वाच्या कागदपत्रांची दुसरी प्रत अलग ठेवलीच पाहिजे.

काही नागरिक अपडेटला कचरतात. त्यांची भीती सर्वस्वी निराधार नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 च्या एका मोठ्या नव्या आवृत्तीने काही लोकांच्या साठविलेल्या फाइली नष्ट केल्या आणि कंपनीस तिचे वितरण थांबवावे लागले. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे 85 लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली.

या दोन्ही बाजू तोलून पाहता घरगुती संगणकासाठी एक साधा क्रम सुचविता येतो. ज्या उणिवेचा चोर प्रत्यक्ष वापर करीत आहेत, अशी सूचना केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने वा कंपनीने दिली असेल, तिची दुरुस्ती त्याच दिवशी करावी. दरमहाची नेहमीची सुरक्षाविषयक दुरुस्ती त्याच आठवड्यात उरकावी. बुधवारी सूचना आली की शनिवारी महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्ह वा बाहेरील हार्डडिस्कवर घ्यावी, ती काढून अलग ठेवावी आणि रविवारी सकाळी दुरुस्ती करावी. रंगरूप व सोयी बदलणारी मोठी नवी आवृत्ती मात्र काही आठवडे थांबून घेण्यास हरकत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, तसेच वीज जाण्याचा संभव असताना, दुरुस्ती सुरू करू नये. लॅपटॉप असल्यास चार्जर जोडलेला असावा. विंडोजमध्ये अपडेट काही आठवडे थांबविण्याची सोय आहे. ती अडचणीच्या वेळेपुरती आहे, तिचे सवयीत रूपांतर होऊ देऊ नये.

सर्वांत अधिक धोका असतो तो ज्याची दुरुस्तीच येणे थांबले आहे अशा संगणकास. विंडोज एक्सपीला 8 एप्रिल 2014 रोजी, विंडोज 7 ला 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज 10 ला 14 ऑक्टोबर 2025 रोजी नियमित आधार मिळणे संपले. विंडोज 10 च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदतवाढीची योजना जाहीर केली. मात्र त्यासाठी नोंदणी आवश्यक ठरविली. अशा जुन्या यंत्रावर सूचना येत नाही, म्हणून सारे सुरळीत आहे असे मानणे घातक होय. त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

आणखी एक सावधगिरी. दुरुस्ती नेहमी संगणकाच्या सेटिंग्जमधूनच घ्यावी. दूरध्वनीवरून वा संदेशातील दुव्यावरून ‘अपडेट’ करावयास सांगणारा मनुष्य बहुधा ठकच असतो. फसवणुकीने पैसे गेल्यास 1930 या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

शाळेतील शिक्षकांनी, ग्रामपंचायतीतील संगणकचालकांनी आणि घरातील तरुण मुलामुलींनी महिन्यातील एक सकाळ या कामासाठी राखून ठेवली, तर वडीलधाऱ्यांची आयुष्यभराची पुंजी सुरक्षित राहील. पाण्याची वाहिनी फुटली तर ती सांधता येते आणि दुसऱ्या दिवशी नळाला पुन्हा पाणी येते. आईचे एकमेव छायाचित्र मात्र एकदा गेले की ते परत येत नाही.