वेळेआधीचा जन्म, वेळेवरचा निर्णय



गर्भारपणाचे दिवस पूर्ण भरावेत आणि बाळ आपल्या वेळेला सुखरूप जन्मास यावे, हीच प्रत्येक कुटुंबाची इच्छा असते. परंतु काही वेळा बाळ अधिक काळ उदरात राहणे हेच त्याच्या आणि मातेच्या जिवावर बेतते. मातेचा रक्तदाब चढत जातो, वारेतून बाळाला होणारा रक्तपुरवठा अपुरा पडतो, त्याची वाढ खुंटते, हृदयाचे ठोके काळजी वाटावी असे पडू लागतात. अशा वेळी दिवस भरण्याची वाट न पाहता शस्त्रक्रियेने प्रसूती करण्याचा निर्णय डॉक्टरांना घ्यावा लागतो. हा निर्णय रुग्णालयात होत असला, तरी त्याची तयारी कित्येक महिने आधी गावात आणि पाड्यावर व्हावी लागते. शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय.

मुंबईची तहान भागविणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. मुंबई–नाशिक महामार्ग आणि कसाऱ्याची रेल्वे याच तालुक्यातून जातात. मुरबाडची भिस्त मात्र कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. या मोठ्या वाटांपासून आत, डोंगरउतारांवर ठाकूर, कातकरी व महादेव कोळी समाजाचे पाडे विखुरलेले आहेत. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढले की जवळचे गावही दूर होते. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचल्यानंतरही गुंतागुंतीच्या प्रसूतीसाठी पुढे ठाणे अथवा उल्हासनगर गाठावे लागू शकते. म्हणून धोक्याची सूचना जितकी लवकर मिळेल, तितका मार्ग सुकर होतो.

या सूचनेचा पहिला आधार म्हणजे तारीख. बाळाला वेळेआधी बाहेर काढावयाचे, तर किती आधी, हे डॉक्टरांना ठाऊक असावे लागते. गर्भ 36 आठवड्यांचा असेल तर एक विचार, 32 आठवड्यांचा असेल तर दुसरा. आणि नेमकी हीच तारीख अनेकदा नोंदलेली नसते. पाड्यावरील स्त्रीला पाळीची तारीख सांगता येत नाही, पण ‘गौरी-गणपतीच्या आधी’ किंवा ‘शिमगा झाल्यावर’ असे ती अचूक सांगते. चतुर परिचारिका सणांवरून दिनदर्शिका लावते आणि माता व बालसंरक्षण कार्डावर तारीख लिहिते. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली तर तारीख अधिक पक्की होते. पुढे उशीर होईल तसा अंदाज ढिला पडत जातो. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामास जाणाऱ्या कातकरी कुटुंबांतील गरोदर स्त्रीबरोबर हे कार्डही गेले पाहिजे. कार्ड घरी राहिले, तर नव्या ठिकाणच्या डॉक्टरांपुढे तिचे मागील सारे महिने कोरेच राहतात.

दुसरा आधार नियमित तपासणीचा. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक भरणे, लघवीत प्रथिने आढळणे, सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज येणे, ही लक्षणे एकत्र दिसली तर झटके येण्याचा धोका असतो. पोटाची उंची महिन्यांच्या मानाने वाढत नसेल, तर बाळाची वाढ तपासावी लागते. बाळाच्या हृदयाचे ठोके सामान्यतः मिनिटाला 110 ते 160 असतात. फ्रेंच डॉक्टर पिनार यांनी 1895 साली प्रचारात आणलेल्या साध्या नळीने ते ऐकता येतात, तर रुग्णालयातील यंत्र त्यांची नोंद कागदाच्या पट्टीवर उमटवते. मात्र सर्वांत जवळची पहारेकरी आईच असते. ‘बाळ कालपासून फिरत नाही’ असे ती म्हणाली, तर तिची समजूत घालून तिला घरी बसविणे योग्य नाही. तिला त्याच दिवशी तपासणीस न्यावे.

लवकर पोहोचण्याचा लाभ केवळ शस्त्रक्रियेपुरता नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात. प्रसूतीपूर्वी मातेला डेक्सामेथासोनची इंजेक्शने दिल्यास ती फुप्फुसे श्वास घेण्यास अधिक सज्ज होतात. बारा-बारा तासांच्या अंतराने चार, म्हणजे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत दीड दिवस. हे औषध 34 आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी असल्याने येथेही तारीख हवीच. दोन दिवस आधी आलेल्या मातेच्या बाळाला ही तयारी मिळते. झटके आल्यावर किंवा ठोके मंदावल्यावर आलेल्या मातेसाठी मात्र थांबण्यास वेळच उरत नाही.

शस्त्रक्रियेची धास्ती स्वाभाविक आहे, आणि गरजेवाचून पोट उघडणे योग्यही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील 25.4 टक्के जन्म शस्त्रक्रियेने झाले. परंतु या सरासरीवरून दुर्गम पाड्यावरील एका स्त्रीची निकड कळत नाही. तिच्या बाबतीत प्रश्न शस्त्रक्रिया आवश्यक आहे की नाही आणि असल्यास ती वेळेत होते की नाही, एवढाच असतो. घरच्यांना कारण समजावून सांगितले, तर संमतीसाठी मोलाचे तास वाया जात नाहीत. 2011 पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, आहार व ने-आण विनामूल्य आहे, हेही त्यांना आधीच माहीत असावे.

वेळेआधी जन्मलेले बाळ लहानखुरे असते. गरजेप्रमाणे त्याला नवजात शिशू कक्षात ठेवतात. प्रकृती स्थिर झाल्यावर आईने त्याला उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी आणि आपलेच दूध पाजावे. कोलंबियातील बोगोटा शहरात 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ही ‘कांगारू’ पद्धत आज जगभर मानली जाते. आणखी एक दक्षता अशी की, पोटावर टाका पडलेल्या स्त्रीची पुढील प्रसूती घरी होता कामा नये. ही नोंद कार्डावर ठळक असावी.

या कार्यात प्रत्येकाचा वाटा आहे. पंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वी पाड्याची वाट दुरुस्त करून घ्यावी आणि दिवस भरत आलेल्या मातांची यादी आशा कार्यकर्तीबरोबर पाहावी. शिक्षकांनी पालकांच्या भेटीत कार्डाचे महत्त्व सांगावे. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर मातांची विशेष तपासणी असते. त्या दिवशी कोण आले नाही, हे अधिकाऱ्यांनी विचारावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका कोणत्या वळणापर्यंत येऊ शकते, हे गावाने आधीच ठरवून ठेवावे.

कार्डावरील एक तारीख, वेळेवर मोजलेला एक रक्तदाब, आईच्या शब्दावर ठेवलेला विश्वास, या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. त्यांतून वाचलेल्या दोन दिवसांवर दोन जीव अवलंबून असतात.