गळ्याला जात नसते



शाळेच्या या संमेलनात बक्षीस मिळवलेल्या सगळ्यांचं अभिनंदन! पडद्यामागं रंगरंगोटी करून बसलेली मंडळी माझं भाषण आटोपायची वाट पाहताहेत, म्हणून दोनच गायकांबद्दल बोलतो.

लोकशाहीर विठ्ठल उमप १९३१ साली मुंबईत, नायगावात जन्मले. त्यांचा गळा आंबेडकरी चळवळीच्या गाण्यांवर पोसला. पण ते तिथंच थांबले नाहीत. पोवाडा, भारूड, गोंधळ, कव्वाली, सगळं शिकले. गोंधळ गोंधळ्यांनीच घालावा असं मानणाऱ्या समाजात त्यांनी गोंधळाच्या अंगानं 'जांभूळ आख्यान' गाजवलं. कर्णावर मन जडलेली द्रौपदी ते स्वतः उभी करत. समोर वयस्क पुरुष असे, पण लोकांना द्रौपदीच दिसे. १९८३ साली आयर्लंडमधल्या कॉर्कच्या लोककला महोत्सवात त्यांनी पहिलं बक्षीस मिळवलं, तेही आपल्याच मातीतल्या गाण्यावर.

दुसरा गायक पश्चिम आफ्रिकेतल्या मालीतला. तिथं वंशावळी आणि वीरगाथा गाणारी घराणी ठरलेली असतात. त्यांना ग्रिओ म्हणतात. १९४९ साली जन्मलेले सालिफ केइता मात्र राजवंशातले. त्या कुळानं गाणं ऐकावं, गाऊ नये, अशी रीत. ती मोडून ते राजधानी बामाकोला गेले, 'रेल बँड' या वाद्यवृंदात गायले आणि पुढं जगभर गाजले. तिकडं कूळ उच्च म्हणून गाण्याला मनाई, इकडं जात खालची ठरवून माणसालाच मनाई. दोघांनीही गाऊन उत्तर दिलं.

२६ नोव्हेंबर २०१० रोजी आपल्या शेजारच्या नागपुरात, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, मंचावरच उमपांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. शेवटपर्यंत ते गातच होते.

आता आपल्याकडं बघा. भुलाबाईची गाणी पोरींची, खंजिरी भजनी मंडळातल्या बुवांची, दंडारीचं लोकनाट्य ठरावीक मंडळींचं, अशी वाटणी आपणच करून ठेवली. त्यात शाळेत हिंदी, मोबाईलवर आणखी तिसरंच. घरातलं मराठी गाणं मग आजीपाशीच राहतं. खरं तर जो मेहनत घेऊन शिकेल, गाणं त्याचं. म्हणून पोरांनो, आजीजवळ बसून भुलाबाईची गाणी लिहून घ्या, चालीसकट पाठ करा. पोरींनो, खंजिरी हातात घ्या. सरांना विनंती आहे, पुढच्या संमेलनात या गाण्यांची स्पर्धा ठेवा. पहिल्या बक्षिसाची रक्कम माझ्याकडून. मात्र एक अट आहे: ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या वाट्याचं मानलेलं गाणं गायचं.