गांवाचा उद्धार गांवाच्या हातीं

(ज्युबिली महोत्सवानिमित्त रत्नागिरी येथें दिलेलें भाषण)



ज्युबिलीचें वर्ष हें आनंदाचें वर्ष खरें. परंतु पवित्र शास्त्रांत त्याचा अर्थ याहून खोल आहे. लेवीयाच्या पुस्तकाप्रमाणें पन्नासाव्या वर्षीं गरिबीपायीं विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळावी व दास्यांत पडलेल्यानें आपल्या घरीं परतावें, अशी आज्ञा होती. शेतकऱ्याचें मोडलेलें घर पुन्हां उभें राहिल्यावांचून ज्युबिली पुरी होत नसे.

या महोत्सवासाठीं जमलेल्या निधींतून कांहीं भाग आसपासच्या गरीब वाड्यांसाठीं खर्चावा, असें आपल्या मंडळींत बोललें जात आहे. कोणी म्हणतात, धान्य वांटावें. कोणी म्हणतात, एक विंधनविहीर खोदून तीवर धर्मग्रामाच्या नांवाची पाटी लावावी. हेतु चांगला आहे. तथापि पैसा खर्चण्यापूर्वीं गरीब शेतकरी दारिद्र्यांतून वर येतो तो कसा, हें नीट पाहिलें पाहिजे. म्हणून आज आम्ही आपणांपुढें उभे आहों.

प्रथम आपल्या जिल्ह्याकडे पाहूं. रत्नागिरीस वर्षाकांठीं ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. असें असूनही चैत्र-वैशाखांत कित्येक वाड्यांच्या विहिरींचा तळ दिसूं लागतो व टँकरची वाट पाहावी लागते. याचें कारण गूढ नाहीं. सह्याद्रीपासून समुद्र जवळ, उतार तीव्र आणि जांभा दगड सच्छिद्र. चार महिन्यांत पडलेलें पाणी थांबण्यापूर्वींच अरबी समुद्रास मिळतें व जातांना शेताची माती घेऊन जातें. भाताचें एक पीक निघालें कीं पुष्कळांच्या हातांस काम उरत नाहीं. त्यांत पिढ्यानुपिढ्या खोतीची पद्धति होती. कुळानें घाम गाळून जमीन सुधारावी व लाभ खोतानें घ्यावा, तर सुधारणा करील कोण? १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. पण तोंवर घरटीं एक माणूस मुंबईच्या गिरणींत जाण्याची रीत पडून गेली होती. गांव मनीऑर्डरीवर जगूं लागलें. १९८२ सालीं गिरणी कामगारांचा मोठा संप झाला, पुढें गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि मनीऑर्डरही आटली. वाडींतील पाणी तर आधींच आटत चाललें होतें.

आतां घाटावर जाऊं. नगर जिल्ह्यांत, ज्यास आज अहिल्यानगर म्हणतात, पावसाचें मान आपल्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकेंच आहे. तेथें येशूसंघाचे फादर हर्मन बाखर यांनीं आपलें आयुष्य शेतकऱ्यांसाठीं वेंचिलें. ते मूळचे स्वित्झर्लंडचे. १९४८ सालीं ते या देशांत आले आणि २०२१ सालीं निवर्तले. १९७२ चा भयंकर दुष्काळ त्यांनीं पाहिला. अशा वेळीं धान्य वांटून व खडी फोडण्याचें काम देऊन माणसें जगवितां येतात. परंतु पुढला दुष्काळ आला कीं तींच माणसें पुन्हां त्याच रांगेंत उभीं राहतात. म्हणून १९८९ सालीं त्यांच्या पुढाकारानें भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचा आरंभ झाला. पैसा जर्मनीनें दिला व तो नाबार्डमार्फत गांवापर्यंत पोहोंचूं लागला. लोकांची तयारी करून घेण्यासाठीं १९९३ सालीं फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनीं ‘वॉटर’ ही संस्था स्थापिली.

या कार्यक्रमाची रीत ध्यानांत घेण्यासारखी आहे. काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत करावयाचें. आधीं डोंगरमाथ्यावर समतल चर, मग उतारावर झाडें व गवत, मग शेतांची बांधबंदिस्ती, ओघळींत दगडी बांध, आणि सर्वांत शेवटीं खालचा मोठा बंधारा. माथा उघडा ठेवून खालीं बंधारा घातला, तर तो गाळानें भरून जातो. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, मागतांक्षणींच पैसा मिळत नसे. गांवानें आपली समिति निवडावी, मोकाट चराई व वृक्षतोड बंद करावी, मजुरीचा कांहीं भाग श्रमदानानें द्यावा आणि आधीं लहानशा तुकड्यावर काम करून दाखवावें. मगच पुढचा निधि मिळे. पांच हजारांस जेवूं घालण्यापूर्वीं प्रभु येशूनें एका मुलाच्या शिदोरींतील पांच भाकरी व दोन मासे हातीं घेतले, हें येथें आठवावें.

संगमनेर तालुक्यांतील दरेवाडीचें उदाहरण घ्या. १९९६ पर्यंत तेथील माळ उजाड होते. शेतांत वर्षांतून तीन-चार महिनेच काम मिळे. पाणलोटाचें काम झाल्यावर तेंच काम नऊ-दहा महिने मिळूं लागलें व मजुरीचा दरही वाढला. त्याच जिल्ह्यांतील हिवरे बाजारची हकीकत आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. तेथें पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळांत, १९९० नंतर, गांवानें डोंगर बांधून काढिला, शेतीसाठीं विंधनविहिरी घेण्यास मनाई केली, आणि दरवर्षीं पावसाचें माप घेऊन कोणतें पीक किती लावावें, तें गांवाच्या सभेंत ठरविण्याची रीत घातली. मुंबई-पुण्यास गेलेलीं कित्येक कुटुंबें परत आलीं. ज्यांच्या घरांतील माणसें शहराकडे गेलीं तीं परतलींच नाहींत, त्यांस या शेवटच्या वाक्याचें मोल सांगावयास नको.

परंतु एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. चराई बंद झाली म्हणजे पहिला फटका कोणास बसतो? ज्यास दोन एकर बागाईत आहे त्यास नाहीं. ज्याच्याजवळ चार शेळ्यांवांचून दुसरें कांहींच नाहीं त्यास बसतो. विहिरींस पाणी वाढलें म्हणजे लाभ विहीरवाल्याचा, आणि चर खोदणारा भूमिहीन मात्र होता तेथेंच. गांवाच्या नांवानें चाललेलें काम अशा वेळीं गांवांतील चार घरांचें काम होऊन बसतें. या अडचणीस पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं १९७४ नंतर उत्तर शोधिलें. त्यांच्या पाणी पंचायतीचा नियम असा: पाण्याचा वांटा जमिनीच्या मापानें न देतां घरांतील माणसांच्या संख्येनें द्यावा, माणशीं अर्धा एकर, व कुटुंबास फार तर अडीच एकर. भूमिहीनासही पाण्याचा हक्क असावा. ऊस लावूं नये. खर्चाचा पांचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनींच उचलावा. हा न्याय जेथें आधीं ठरतो, तेथेंच गरीब माणूस कुदळ मनापासून उचलतो.

हा अनुभव आपल्याच देशापुरता नाहीं. आफ्रिकेंतील बुर्किना फासो या देशांत याकुबा सावाडोगो नांवाच्या शेतकऱ्यानें १९८० च्या सुमारच्या अवर्षणांत जुनी ‘झाई’ पद्धति सुधारून घेतली. उन्हाळ्यांत कठीण जमिनींत खळगे खणावयाचे, त्यांत शेणखत घालावयाचें, म्हणजे पहिला पाऊस तेथेंच मुरतो. शेजाऱ्यांनीं त्यास वेडा ठरविलें. पुढें तेच शेजारी त्याच्या शेतावर शिकावयास येऊं लागले. २०१८ सालीं त्यास राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २०२३ सालीं तो वारला. त्याची विद्या मात्र शेतकऱ्यांच्या हातांत राहिली.

आणि बचतीविषयीं म्हणाल, तर दूर जावयास नको. १९१८ सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानें वसईच्या कॅथलिक लोकांनीं सहकारी पतपेढी उभारिली; तीच आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. थेंबाथेंबानें जमलेली आपली पुंजी सावकाराच्या दारीं जाण्याची पाळी टाळूं शकते, हें आपल्याच धर्मबंधूंनीं दाखवून दिलें आहे.

तर मग आपण काय करावें? आमचें मत स्पष्ट आहे. निधि हातीं घेऊन वाडींत जाऊं नये. आधीं रिकाम्या हातानें जावें. वाडीची सभा भरवावी. तींत बायकांस बोलूं द्यावें, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. ज्यास जमीन नाहीं त्याचा वांटा काय, हें कुदळ लागण्यापूर्वीं ठरवावें. धर्म व जात विचारूं नये. वहाळ सर्वांच्या दारावरून वाहतो. मग पाऊस सरतांच, पाणी वाहतें असतांना, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून एक वनराई बंधारा घालावा. त्यास पैसा थोडा व हात पुष्कळ लागतात. त्या हातांत आपलेही असावेत. अडलेल्या पाण्यावर कुळीथ, पावटा, भाजीपाला, आंबा-काजूचीं कोंवळीं कलमें जगतात. रोजगार हमींतून फळबागेस १९९० पासून साहाय्य मिळूं लागलें, आणि दापोलीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. मागणारा गांव जागा असला म्हणजे या साधनांचा उपयोग होतो.

गोण्यांचा बंधारा एका पावसाळ्यांत वाहून जातो. आम्ही तो सुचवितों याचें हेंही एक कारण आहे. दुसऱ्या वर्षीं वाडीनें तो आपण होऊन पुन्हां घातला, तर समजावें कीं काम लोकांचें झालें. तेव्हां निधींतून पक्का बांध घालण्यास साहाय्य करावें. घातला नाहीं, तर आपली पाटी कितीही मोठी असली तरी तिचा उपयोग नाहीं. अशा वेळीं निधि जपून ठेवावा व पुन्हां सभेपासून आरंभ करावा.

येत्या रविवारीं मिस्सानंतर, या कामास वर्षांतून चार दिवस देण्यास जे तयार असतील त्यांनीं आपलीं नांवें द्यावींत. वर्गणीची वही तूर्त बंद ठेवूं. नांवांची वही उघडूं. परमेश्वर आपल्या कष्टांस यश देवो.