कुंदेरांनी वगळलेल्या कविता

मिलान कुंदेरा म्हटले की कम्युनिस्ट राजवटीचे ढोंग उघडे पाडणारे, 1975 मध्ये चेकोस्लोव्हाकिया सोडून फ्रान्सला गेलेले कादंबरीकार डोळ्यांपुढे येतात. मात्र 1953 ते 1957 या काळात निघालेली त्यांची पहिली तीन पुस्तके कवितेची होती, आणि ती लिहिणाऱ्या तरुणाची समाजवादावर मनापासून श्रद्धा होती. नाझींनी 1943 मध्ये देहदंड दिलेला कम्युनिस्ट पत्रकार ज्युलियस फुचिक हा त्यांतल्या एका दीर्घकवितेचा नायक. पुढे 2011 साली त्यांचे निवडक साहित्य फ्रान्समधून दोन खंडांत निघाले, तेव्हा कुंदेरांनी या कविता वगळल्या. माझे म्हणणे असे, की त्यांच्या कादंबऱ्यांचे बळ याच कवितांमुळे नीट उमगते.

‘द जोक’ या 1967 च्या कादंबरीत पोस्टकार्डावरच्या एका थट्टेपायी नायक लुडविकला पक्षातून आणि विद्यापीठातून काढले जाते. त्याच्याविरुद्ध हात वर करणारे कोणी खलपुरुष नाहीत. नवे जग घडवायला निघालेले त्याचेच सोबती आहेत. ‘लाइफ इज एल्सव्हेअर’मधला कवी यारोमिल ज्या आवेगाने क्रांतीची कविता लिहितो, त्याच आवेगाने प्रेयसीच्या भावाची खबर पोलिसांना देतो. जुलमाला तुरुंगाइतकीच भाबड्या भारावलेपणाची साथ लागते, हे कुंदेरांना आतून ठाऊक होते. बाहेरच्या टीकाकाराला हुकूमशहा दिसला असता. यारोमिल दिसला नसता.

लेखकाने नाकारलेले लेखन उकरून काढणे हा त्याचा अवमान आहे, असा आक्षेप कोणी घेईल. लेखकाची इच्छा पाळावी, असा खुद्द कुंदेरांचाही आग्रह होता. प्रकाशकाने ती जरूर पाळावी; समीक्षेच्या स्मृतीवर मात्र लेखकाची मालकी नसते. छायाचित्रातून पुसलेल्या क्लेमेंटिस या नेत्याच्या हकिकतीने कुंदेरांनीच ‘द बुक ऑफ लाफ्टर अँड फर्गेटिंग’ची सुरुवात केली आहे. अशा लेखकाच्या वाचकाने विस्मरण निमूट कसे स्वीकारावे? या कवितांमुळे कुंदेरा दुटप्पी ठरतील, ही भीतीही अनाठायी आहे. नाझी टाचेखाली भरडलेल्या त्या देशात 1946 च्या निवडणुकीत कम्युनिस्टांचाच पक्ष सर्वांत मोठा ठरला होता. विशीच्या उंबरठ्यावरचा तरुण नव्या जगाच्या त्या आशेत सामील झाला, यात लबाडी नव्हती. पक्षाने त्यांना 1950 मध्ये काढले, 1956 मध्ये परत घेतले आणि 1970 मध्ये पुन्हा काढले. म्हणजे ही श्रद्धा एका दिवसात गळून पडलेली नाही. तिची झीज होत गेली, आणि त्या झिजेतूनच कादंबरीकार घडला. कुंदेरांच्या कादंबऱ्या वाचताना या तरुण कवीला दोषी ठरवू नका आणि विसरूही नका.