आनंदासाठी खेळणारा आल्फ्रेड

मैत्रिणींनो, क्रिकेटच्या गप्पांत आपलं काय काम, असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणणारच. म्हणून आज आम्ही एका खेळाडूची गोष्ट मैदानाबरोबर त्याच्या घरातूनही सांगणार आहोत.

इंग्लंडचा आल्फ्रेड लिटलटन, जन्म १८५७. क्रिकेट आणि फुटबॉल, दोन्हींत इंग्लंडकडून खेळलेला पहिला माणूस. १८७७ साली लंडनच्या ओव्हल मैदानावर तो स्कॉटलंडविरुद्ध फुटबॉल खेळला. इंग्लंड हरलं, त्यांचा एकुलता एक गोल आल्फ्रेडचा. सांगतात, की चेंडू आपल्याकडे देत नाही म्हणून संघातल्या एका कामगार खेळाडूनं तक्रार केली, तर आल्फ्रेडनं उत्तर दिलं, मी निव्वळ माझ्या आनंदासाठी खेळतोय!

तेव्हा पैसे न घेता खेळणारे ते हौशी, म्हणजे बहुतेक बड्या घरचे. पोटासाठी खेळणारे वेगळे. क्रिकेटमधला हा भेद इंग्लंडनं १९६२ साली मोडला. आल्फ्रेडचे वडील लॉर्ड, शिक्षण ईटन आणि केंब्रिजला. त्याला आनंद परवडत होता.

त्याच ओव्हलवर १८८४ ची कसोटी. ऑस्ट्रेलियाचे गडी बाद होईनात. साडेपाचशेच्या वर धावा झाल्या. इंग्लंडच्या अकराही जणांनी गोलंदाजी केली. आल्फ्रेड यष्टिरक्षक. पॅड न काढताच त्यानं चेंडू हातात घेतला आणि अंगणात पोरी टाकतात तसे खालून टाकत १९ धावांत ४ बळी घेतले! यष्टीमागे ग्रेस उभा होता.

आता घर. आल्फ्रेड आईचं बारावं मूल. तो सहा महिन्यांचा असतानाच आई गेली. थोरली मेरिअल सतरा वर्षांची, तिच्या पाठची लूसी सोळाचीही नव्हती. तान्ह्या आल्फ्रेडसकट भावंडांना या बहिणींनी वाढवलं. एकीचं लग्न झालं, की घर दुसरीकडे. १८६७ मध्ये वडील, आठ मुलगे आणि दोन काका, असा घरचाच क्रिकेट संघ एका शाळेविरुद्ध उतरला आणि जिंकला. चार बहिणींना त्यात जागा कुठून असणार?

आल्फ्रेडची पहिली बायको लॉरा. लग्न १८८५ साली झालं, पुढच्याच वर्षी बाळंतपणात गेली. मूलही दोन वर्षांनी गेलं. दुसरी एडिथ, तिनं कपडे शिवणाऱ्या मुलींच्या राबण्यावर नाटक लिहिलं. आल्फ्रेड मंत्री झाला, पण खेळ सुटला नाही. १९१३ मध्ये एका सामन्यात चेंडू लागला, पोटात गळू झालं आणि ५ जुलैला तो गेला. वय ५६.

लूसीला मूलबाळ नव्हतं. पती १८८२ साली डब्लिनमध्ये मारला गेला. पुढे ती मुलींच्या शिक्षणासाठी झटली. केंब्रिजमध्ये १९६५ साली स्त्रियांसाठी जे कॉलेज निघालं, त्याला लूसी कॅव्हेंडिश असं तिचंच नाव आहे.