थंडी नव्हे, पुरावा



संग्रहालयांत काम करणाऱ्यांचं हे अधिवेशन गोव्यात भरणार हे कळलं तेव्हाच आजचा विषय ठरला: दालनांतला ध्रुवप्रदेश. ६ डिसेंबर १९८१ रोजी याच गोव्याच्या मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ हे नॉर्वेचं भाड्यानं घेतलेलं जहाज निघालं. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ माणसं त्यात होती. ९ जानेवारी १९८२ ला ती अंटार्क्टिकावर उतरली. पुढे १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या स्त्रिया. अदितीताईंचा जन्म नागपूरचा, पदवीचं शिक्षण पुण्याचं, नोकरी इथल्या दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेतली. दक्षिण गंगोत्री या आपल्या पहिल्या तळावर १९८४ साली टपाल कार्यालय उघडलं, तेही गोवा टपाल विभागाच्या अखत्यारीत. आज वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना तिथल्या प्रयोगशाळेत उणे २० अंशांत अंटार्क्टिकाचा बर्फ कापला जातो, तपासला जातो.

एवढं सगळं आपल्या दाराशी आहे. आणि आपल्या दालनांत ध्रुवप्रदेश येतो तो थर्माकोलच्या डोंगरावर.

मी स्वतः हेच केलं होतं. ध्रुवीय विज्ञानाचं पहिलं दालन उभारलं तेव्हा पांढरा डोंगर, इग्लू, निळे दिवे आणि वातानुकूलन यंत्रांचा गारवा, यांवर निम्म्याहून जास्त पैसे गेले. एका कोपऱ्यात पेंग्विन ठेवले, शेजारी पांढरं अस्वल. खरं तर अस्वल उत्तर ध्रुवाकडचं आणि पेंग्विन दक्षिण गोलार्धातले. निसर्गात त्यांची गाठ पडत नाही. उत्तरेला जमिनीनं वेढलेला समुद्र आहे, दक्षिणेला समुद्रानं वेढलेली जमीन. ध्रुवप्रदेश समजून घेण्याची ही पहिली पायरी, आणि ती आम्हीच पुसून टाकली होती. शाळांच्या सहली आल्या, मुलं खूश झाली, फोटो काढून पाच मिनिटांत बाहेर पडली. थंडी तेवढी त्यांना कळली.

त्या दालनाला दिशा दिली ती आमच्या एका परिचरानं. जीवाश्मांचे नमुने मांडायचं काम चाललं होतं. दगडावर उमटलेलं एक लांबट पान पाहून तो म्हणाला, “सर, असले दगड आमच्या घरी उंबऱ्याशी पडलेले असतात.” त्याचे वडील उमरेडच्या कोळसा खाणीत कामाला होते. पुढच्या सुट्टीत त्यानं गावाहून एक दगड आणला. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. ग्लॉसोप्टेरिस.

आता दुसरी गोष्ट ऐका. फेब्रुवारी १९१२. दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीनं बिअर्डमोर हिमनदीच्या काठी थांबून दगड गोळा केले. माणसं उपाशी होती, हिमदंशानं पाय सडत होते, तरी डॉ. एडवर्ड विल्सन यांनी वेचलेले ते दगड त्यांनी शेवटपर्यंत ओढत आणले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबूत तिघांचे मृतदेह मिळाले आणि स्लेजवर सुमारे १६ किलो दगड. त्यांत ग्लॉसोप्टेरिसची पानं होती. उमरेडच्या खाणीत मिळतं तेच पान.

याचा अर्थ, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी विदर्भाची जमीन आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडाचे भाग होते, आणि आज बर्फाखाली असलेल्या त्या प्रदेशात तेव्हा जंगल होतं. त्या भूखंडाला भूवैज्ञानिकांनी नाव दिलं तेही आपल्याकडचं: गोंडांच्या मुलखावरून गोंडवन. नागपूर-चंद्रपूरच्या मुलाला अंटार्क्टिका दूरची वाटायचं काहीच कारण नाही. आम्ही तो दगड उघडा ठेवला, काचेविना. गेल्या काही वर्षांत हजारो बोटं त्या शिरेवरून फिरली असतील. दगड गुळगुळीत होतो आहे, आणि मी तो झाकणार नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सांगत आलो आहे: प्रेक्षकाला थंडी दाखवू नका, पुरावा दाखवा. अंटार्क्टिका गार आहे हे त्याला घरबसल्या ठाऊक असतं. आठ लाख वर्षांपूर्वीची हवा कशी होती हे आपल्याला कसं कळलं, ते मात्र त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

दरवर्षीचा हिमवर्षाव थरावर थर साचतो, वरच्या भारानं दाबला जातो आणि थरांमधली हवा बुडबुड्यांत कायमची अडकते. अंटार्क्टिकावरच्या डोम सी या ठिकाणी युरोपीय शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटरहून खोल छिद्र पाडून बर्फाचा गाभा बाहेर काढला, आणि त्यातून आठ लाख वर्षांची हवा हाती लागली. हा आकडा फलकावर लिहून भागत नाही. आम्ही भिंतीवर आठ मीटरची पट्टी काढली. एक सेंटिमीटर म्हणजे हजार वर्षं. ज्ञानेश्वरी १२९० साली लिहून झाली; तिथपासून आजपर्यंतचा काळ या पट्टीवर जेमतेम सात मिलिमीटर भरतो. पट्टीवर कार्बन डायऑक्साइडची रेघ चढवली, दर दशलक्ष भागांतला एक भाग म्हणजे अर्धा सेंटिमीटर उंची. मग ती रेघ हिमयुगांत कमरेपाशी उतरते, उबदार काळांत छाती-खांद्यापर्यंत चढते, पुन्हा उतरते. पावणेआठ मीटर चालत आलात तरी ती दीड मीटरच्या वर जात नाही. शेवटच्या दोन मिलिमीटरांत मात्र सरळ उभी राहते आणि तुमच्या डोक्यावरून, दाराच्या चौकटीएवढ्या उंचीवर निघून जाते. तिथे आम्ही एक शब्दही लिहिलेला नाही. लोक मान वर करून उभे राहतात.

दुसरा प्रयोग अगदी स्वस्त आहे, कोणत्याही तालुक्याच्या शाळेत करता येईल. काचेच्या दोन टाक्या घ्या. एकीत बर्फ पाण्यावर तरंगत ठेवा, दुसरीत पाण्याबाहेर डोकावणाऱ्या दगडावर. दोन्हींवर पाण्याच्या पातळीची लाल खूण करा. पाणी गोडंच घ्या. खाऱ्या पाण्यात गोडा बर्फ वितळला तर पातळी किंचित चढते आणि बघणारा गोंधळतो. दालन फिरून परत येईपर्यंत बर्फ वितळलेला असतो. पहिली खूण जिथल्या तिथे, दुसरी पाण्याखाली. समुद्र गोठून झालेला बर्फ आणि जमिनीवर साचलेला बर्फ यांतला फरक मुलानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. मग त्याला सांगा, की अंटार्क्टिकाच्या जमिनीवर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. मालवणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या मुलाला पुढचं समजावून द्यावं लागत नाही.

भाषेबद्दलही बोललं पाहिजे. आपल्या फलकांवर हिमनग, हिमनदी आणि समुद्री बर्फ यांची सर्रास अदलाबदल होते. हिमनदी जमिनीवरून सरकते, तिचा तुकडा तुटून समुद्रात पडला की तो हिमनग, आणि समुद्राचं पाणी गोठलं की तो समुद्री बर्फ. तीन वेगळ्या वस्तू, तीन वेगळे शब्द. इंग्रजी फलक आधी लिहून त्याचं भाषांतर करून घ्यायची पद्धत आपण सोडली पाहिजे. तसा फलक मराठी मुलाशी बोलतच नाही. फलक मराठीतच सुचावा लागतो, आणि सुचण्यासाठी लिहिणाऱ्याला विषय आधी कळावा लागतो.

प्रतिकृतीखाली ‘प्रतिकृती’ असं ठळक लिहा. बर्फाचा खरा गाभा दालनात ठेवणं आपल्या दमट हवेत फार कठीण आहे. काचेवर दव धरतं, वीज गेली की सगळं संपतं. राळेचा गाभा जरूर ठेवा, पण खरा म्हणून नको. ज्या दालनात आपण पुराव्याबद्दल बोलतो, तिथे एक खोटी वस्तू सगळ्या खऱ्या वस्तूंवर शंका आणते.

संशोधकांना माझी विनंती आहे: आम्हाला तयार निष्कर्ष देऊ नका, तुमच्या नोंदवह्या द्या. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ओझोनचा ऱ्हास जगापुढे आणला, तो अंटार्क्टिकावरच्या हॅली तळावर जमिनीवरच्या उपकरणानं वर्षानुवर्षं चिकाटीनं घेतलेल्या मोजणीतून. दोनच वर्षांत ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियलचा करार झाला. अशा मोजणीचं एक पान, खाडाखोडीसकट, चौकटीत लावलं तर विज्ञान कसं चालतं हे शंभर चित्रांपेक्षा लवकर कळेल. अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या तळांवर आपली माणसं वर्ष वर्ष काढतात. त्यांची ती पानं कपाटांत पडून आहेत.

संग्रहालयांनाही एक सांगणं आहे. पुढच्या वर्षी ध्रुवांवर काही मांडणार असाल तर इग्लूचे पैसे वाचवा आणि त्यांतून दोन चांगले मार्गदर्शक नेमा, मराठीत आणि कोंकणीत बोलणारे.

उमरेडचा तो दगड मी बरोबर आणला आहे. सभागृहाच्या दाराशी, डाव्या हाताच्या टेबलावर आहे. जेवायला जाताना हात लावून पाहा.