नजरेआडचं यकृत



ऑलिव्हर सॅक्स हे न्यूयॉर्कचे मेंदूविकारतज्ज्ञ आणि नावाजलेले लेखक. त्यांच्या एका डोळ्यात मेलानोमाची गाठ निघाली. किरणोपचार झाले, लेझर झालं. त्या डोळ्याची दृष्टी गेली, पण गाठ आटोक्यात आली. नऊ वर्षांनी, २०१५ च्या सुरुवातीला, तोच मेलानोमा त्यांच्या यकृतात सापडला. ऑगस्टमध्ये ते गेले.

डोळ्याचा कॅन्सर म्हटलं की आपल्याला लहान मुलांचा रेटिनोब्लास्टोमा आठवतो. डोळ्यातला मेलानोमा हा मात्र मोठ्यांचा आजार, आशियात फारच विरळा. डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या नसतात, त्यामुळे गाठीतल्या पेशी रक्तातूनच बाहेर पडतात. हे रक्त आधी फुप्फुसांत जातं, तरी पेशी रुजतात त्या यकृतात! जवळजवळ निम्म्या रुग्णांत आजार पसरतो आणि पसरला की दहापैकी नऊ जणांचं यकृत धरतो.

मग यकृताचा तेवढा तुकडा कापून का काढू नये? उरलेलं यकृत वाढतंच की. अडचण अशी, की स्कॅनवर दोनच गाठी दिसतात आणि पोट उघडावं तर यकृतभर मोहरी पेरल्यासारखे ठिपके. म्हणून आधी दुर्बीण घालून पाहतात. ठिपके दिसले तर न कापता मागे फिरणं, हे मला कापण्याइतकंच कौशल्याचं वाटतं.

पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटने २००९ मध्ये अशा २५५ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. आजार पूर्ण काढता आला तो फक्त ७६ जणांचा. शस्त्रक्रियेनंतर त्यांचं मध्यक आयुष्य २७ महिने, सगळ्यांचं मिळून १४. अर्थात हे सारं श्रेय सुरीला देऊ नये. चारपेक्षा जास्त गाठी नाहीत, डोळ्याच्या आजारानंतर दोन वर्षं उलटलेली, असे मुळात सावकाश चालणारे आजारच पूर्ण काढता येतात.

बाकीच्यांसाठी स्वीडनमध्ये एक धाडसी शस्त्रक्रिया करून पाहिली. यकृताच्या रक्तवाहिन्या बांधून त्याला शरीरापासून तासभर तोडायचं, पंपाने त्यात गरम केलेलं मेल्फालान हे कॅन्सरचं औषध फिरवायचं, मग धुऊन काढून रक्त पुन्हा जोडायचं. एरवी शरीराला झेपणार नाही एवढी मात्रा अशी एकट्या यकृताला देता येते. चाचणीत ४० टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या. नेहमीच्या उपचारांत पाच टक्केही नाहीत. आयुष्य मात्र ठामपणे वाढलं असं सिद्ध झालं नाही. आता हेच काम जांघेतून नळी घालून, यकृतातून येणारं रक्त गाळून करतात. अमेरिकेने त्याला २०२३ मध्ये मान्यता दिली.

यकृतातल्या छोट्या गाठी दुखत नाहीत. कावीळ दिसते, वजन उतरतं, तेव्हा कापण्याची वेळ बहुधा टळलेली असते. म्हणून डोळा बरा झाल्यावरही यकृताची सोनोग्राफी किंवा एमआरआय वर्षानुवर्षं चालू ठेवतात. डोळ्यातल्या गाठीच्या पेशींत तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत हरवलेली असेल, तर त्या तपासण्या अधिक लवकर लवकर करतात.